वाचकांचे प्रश्न : सामू चांगला, मग वायू का घटला?

हवाबंद टाकीत सेंद्रिय पदार्थ कुजून त्यांपासून मिथेन कसा तयार होतो, याची ओळख मागच्या अंकात या सदरात करून दिली होती. मोठे रेणू आधी फुटून पाण्यात विरघळतात, मग त्यांची आम्ले होतात, त्या आम्लांपासून ॲसेटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, आणि शेवटी मिथेनकारी सूक्ष्मजीव या तिघांपासून मिथेन करतात, असा तो चार टप्प्यांचा प्रवास आहे. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे, तो म्हणजे अमोनिया. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्यालाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या कुक्कुटपालन केंद्रातील बायोगॅस संयंत्रात आम्ही शेणाबरोबर कोंबडीखताचे प्रमाण हळूहळू वाढवत नेले. दोन महिन्यांपासून वायू कमी होत चालला आहे. सामू (पीएच) ७.९ आहे, म्हणजे टाकी आंबलेली नाही. वायू वाढावा म्हणून आम्ही तापमान ३८ अंशांवरून ४५ अंशांवर नेले, तर तो आणखीच घटला. प्रयोगशाळेच्या अहवालात अमोनियाकल नत्र लिटरला ४,२०० मिलिग्रॅम आणि बाष्पशील आम्ले (ॲसेटिक, प्रोपिऑनिक यांसारखी सहज उडून जाणारी आम्ले) ६,५०० मिलिग्रॅम आहेत. नेमके काय बिघडले?

उत्तर : आपण आकडे दिलेत हे फार चांगले केलेत, कारण निदान त्यांतच आहे. टाकीत अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप अमोनियम आयनाचे. त्यावर विद्युतभार असल्याने ते सूक्ष्मजीवांच्या पेशीपटलातून सहजासहजी आत शिरत नाही. दुसरे रूप मुक्त अमोनियाचे. त्या रेणूवर भार नसतो आणि तो पटलातून आरपार जातो. अहवालातला ४,२०० हा आकडा या दोन्हींची बेरीज आहे. मिथेनकारी जीवांना जाच होतो तो मुख्यतः मुक्त अमोनियाचा, आणि बेरजेत त्याचा वाटा किती हे सामू आणि तापमान मिळून ठरवतात. यांपैकी काहीही वर गेले, की मुक्त अमोनिया वाढतो.

३८ अंश तापमान आणि ७.९ सामू असताना एकूण अमोनियाकल नत्रापैकी साधारण दहा टक्के मुक्त रूपात असतो. आपल्या टाकीत तो लिटरला सुमारे ४१० मिलिग्रॅम होता. तापमान ४५ अंशांवर नेल्यावर, सामू आणि एकूण नत्र तेवढेच असतानाही, हा वाटा साडेचौदा टक्क्यांवर जातो आणि ४१० चे ६१० होतात. याचा अर्थ असा की, कोंबडीखताची एक पाटीही न वाढवता आपण टाकीतला त्रासदायक अमोनिया जवळजवळ दीडपट केला. शिवाय ४५ अंश हे तापमान मुळात अडनिडे आहे. ३५ ते ४० अंशांवर रमणारे जीव तिथे थकलेले असतात आणि ५० ते ५५ अंशांवर काम करणारे अजून पुरेसे वाढलेले नसतात. हेतू चांगला असला तरी उपाय नेमका उलटा पडला.

आता सामूविषयी. सामू चांगला आहे म्हणून टाकी चांगली आहे, हा समज शेणावर चालणाऱ्या साध्या संयंत्रात बऱ्याच अंशी खरा ठरतो. नत्राने भरलेल्या टाकीत मात्र तो फसवतो. प्रथिने कुजताना सुटणारा अमोनिया कार्बन डायऑक्साइडशी मिळून अमोनियम बायकार्बोनेट तयार करतो, आणि हे बायकार्बोनेट आम्ल रिचवते. लिटरमागे ४,२०० मिलिग्रॅम अमोनियाकल नत्रामुळे निर्माण होणारी आम्ल रिचवण्याची क्षमता, म्हणजे अल्कलिनिटी, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे १५,००० मिलिग्रॅम भरते. आपल्या टाकीत साचलेल्या ६,५०० मिलिग्रॅम आम्लांनी त्या साठ्याचा एक तृतीयांशाहून थोडाच जास्त भाग वापरला आहे, म्हणून सामूचा काटा हललेला दिसत नाही. आम्ले साचत आहेत, याचाच अर्थ ती खाणारे मिथेनकारी जीव मागे पडले आहेत. अशा टाकीत खरी बातमी आम्लांच्या आकड्यातून कळते, सामूवरून नव्हे.

या अवस्थेत टाकी कोसळत नाही, हे तिचे आणखी एक फसवे लक्षण आहे. मुक्त अमोनियामुळे मिथेनकारी जीव मंदावतात, आम्ले साचतात, त्यांनी सामू किंचित खाली येतो, त्यामुळे मुक्त अमोनियाचा वाटा घटतो आणि त्या जीवांना पुन्हा थोडा श्वास घेता येतो. ही साखळी कुठेतरी तोल साधते, आणि मग टाकी महिनोन्‌महिने कमी वायू देत शांतपणे चालत राहते. शास्त्रीय लेखनात हिला अवरोधित स्थिरावस्था म्हणतात. ज्यांनी जुना वायू मोजून ठेवलेला नसतो, त्यांना आपली टाकी आजारी आहे हे कळतसुद्धा नाही.

आपण आधी तापमान पुन्हा ३८ अंशांवर आणा. मात्र एका दिवसात नव्हे, तर दिवसाला एक अंशाहून कमी अशा वेगाने आणा, कारण अचानक आलेला गारठाही या जीवांना सोसत नाही. कोंबडीखत निम्म्यावर आणा आणि बाष्पशील आम्ले आठवड्यातून दोनदा मोजा. पुढचे उपाय खाली दुसऱ्या एका पत्राच्या उत्तरात आले आहेत.

प्रश्न : वायू कमी झाला की टाकीत चुना टाकावा, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : टाकी आंबली असेल, म्हणजे सामू साडेसहाच्या आसपास किंवा त्याखाली घसरला असेल, तर बेताने चुना टाकणे योग्य आहे. अडचण अमोनियाची असेल, तर चुना टाकू नये. चुन्याने सामू वर जातो आणि अमोनियमचे रूपांतर मुक्त अमोनियात होते. ३५ अंशांवर सामू ७.५ असताना एकूण नत्राचा सुमारे साडेतीन टक्के भाग मुक्त असतो. सामू ८ झाला की तोच दहा टक्के होतो. एका संयंत्रावर मी स्वतः हे घडताना पाहिले आहे. आम्ले वाढलेली पाहून सायंकाळी चुन्याचे दोन हप्ते दिले गेले आणि तिसऱ्या दिवशी ज्योत धरेना. त्या टाकीचा सामू चुन्याआधी ७.७ होता. तो आकडा एकदा नीट वाचला असता, तर चुन्याचे पोते उघडण्याची वेळच आली नसती.

प्रश्न : टाकीजवळ मोजलेला सामू ७.६ येतो आणि त्याच नमुन्याचा सामू प्रयोगशाळेत ८.१ येतो. कोणता खरा मानायचा?

उत्तर : टाकीजवळचा. नमुन्याची बाटली हातात घेऊन थोडा वेळ नीट पाहा. काठाशी बारीक बुडबुडे चढताना दिसतील, आणि झाकण सैल केल्यावर हलकासा फस्स आवाज येईल. टाकीतल्या दाबाखाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. तो आम्लधर्मी असल्याने तो निघून गेला की उरलेल्या द्रवाचा सामू चढतो. मोजणीचे इलेक्ट्रोड ताज्या नमुन्यात बुडवून ठेवले, तर काट्यावरचा आकडा आपल्या डोळ्यांदेखत शतांशाशतांशाने वर सरकताना दिसतो.

हा फरक किरकोळ मानू नये. ३८ अंशांवर ७.६ सामूला मुक्त अमोनियाचा वाटा सुमारे पाच टक्के आहे आणि ८.१ ला जवळजवळ पंधरा टक्के. चुकीच्या ठिकाणी मोजलेला सामू मुक्त अमोनिया तिप्पट दाखवू शकतो. म्हणून बाटली काठोकाठ भरावी, झाकण घट्ट लावावे, काही मिनिटांच्या आत मोजणी करावी, आणि गणितात टाकीचे तापमान घ्यावे, खोलीचे नव्हे. पाण्यासाठी दिलेली सूत्रे घट्ट रबडीला, म्हणजे टाकीतल्या दाट द्रवाला, वापरली, तर मुक्त अमोनिया प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त निघतो, कारण रबडीतल्या क्षारांमुळे तोल अमोनियमच्या बाजूला किंचित झुकतो. मी वर दिलेले आकडेही याच सूत्रांनी काढलेले आहेत, त्यामुळे ते तुलनेसाठी वापरावेत.

प्रश्न : एका अहवालात अमोनिया ३,००० आणि दुसऱ्यात तोच ३,६०० कसा?

उत्तर : पहिल्या अहवालात फक्त नत्राचे वजन धरले असणार आणि दुसऱ्यात अमोनियाच्या संपूर्ण रेणूचे. नत्राचा अणुभार १४ आणि अमोनियाचा रेणुभार १७ असल्याने नत्राच्या आकड्यावरून अमोनियाच्या आकड्यावर जाताना १.२१ ने गुणावे लागते. अहवालात एकक स्पष्ट लिहून मागावे.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. अमोनियाने टाकीतले इतर जिवाणू फारसे डगमगत नाहीत, पण मिथेनकारी जीव मात्र लगेच मंदावतात, असे वाचले. असे का?

उत्तर : पहिली गोष्ट ही की, मिथेनकारी जीव हे जिवाणूच नव्हेत. कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली रायबोसोममधील आरएनएची तुलना करून दाखवले, की हे जीव जिवाणूंपासून फार पूर्वी वेगळ्या झालेल्या एका शाखेतले आहेत. त्या शाखेला आज आर्किया म्हणतात. त्यांचे पेशीपटल वेगळे आहे, विकर (एन्झाइम) वेगळे आहेत आणि उपजीविकेचा मार्ग तर अगदीच वेगळा आहे.

मुक्त अमोनिया पेशीत शिरला आणि आतील सामू बाहेरच्यापेक्षा कमी असला, की तो आतला एक प्रोटॉन उचलतो, अमोनियम होतो आणि भार आल्यामुळे आतच अडकतो. पेशीतला प्रोटॉनांचा तोल त्यामुळे ढळतो. तो सावरण्यासाठी पेशीला आयनांची ने-आण करावी लागते, आणि काही मिथेनकारी जीवांवरील प्रयोगांत अमोनियाच्या माऱ्यामुळे पेशीतील पोटॅशियम मोठ्या प्रमाणात बाहेर पडलेले दिसले आहे. पोटॅशियम हे पेशीच्या आतील रसायनाचा आधारच असल्याने ते गमावणे महागात पडते. मिथेन बनवणाऱ्या विकरांवर अमोनियाचा थेट परिणाम होतो, असेही एक स्पष्टीकरण दिले जाते.

यात खर्चाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एक मोल ग्लुकोज ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण जाळल्यावर सुमारे २,८७० किलोज्यूल ऊर्जा मिळते. एक मोल ॲसेटेटपासून (टाकीतल्या ॲसेटिक आम्लाच्या आयनरूपापासून) मिथेन बनवणाऱ्या जीवाला प्रमाण परिस्थितीत मिळतात जेमतेम ३१ किलोज्यूल. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीवर जगणाऱ्या पेशीला प्रोटॉन आणि पोटॅशियम यांची ने-आण करण्याचा जादा भार पेलत नाही. आम्ले बनवणारे जिवाणू तुलनेने सुखवस्तू आहेत. ते हा भार सोसतात, काही तासांत दुप्पट होतात आणि आम्ले तयार करतच राहतात. पुढची फळी अडखळलेली आणि मागची फळी जोरात, यातून आम्लांचा साठा होतो.

मिथेनकारी जीवांतही सगळे सारखे नाहीत. ॲसेटेट खाणारे जीव हायड्रोजन खाणाऱ्यांपेक्षा साधारणपणे अधिक नाजूक असतात, आणि सामान्य टाकीत मिथेनचा सुमारे सत्तर टक्के भाग ॲसेटेटच्याच वाटेने येतो. त्यांच्यातही मिथॅनोसीटा हा लांब, सुट्या धाग्यांसारखा वाढणारा जीव आधी मागे पडतो, तर मिथॅनोसार्सिना घट्ट गोळ्यांत वाढत असल्याने अधिक तग धरतो. गोळ्याच्या आतल्या पेशींना बाहेरच्या द्रवाचा थेट स्पर्श कमी होतो. आपल्या प्रयोगशाळेत प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक असेल, तर रबडीचा एक पातळ थेंब जरूर पाहा. मिथेनकारी जीवांत एफ-४२० नावाचे सहविकर असते आणि ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशात ते निळसर हिरवे चमकते. शेणावरच्या टाकीतला थेंब आणि कोंबडीखतावर वर्षभर चाललेल्या टाकीतला थेंब शेजारी ठेवून पाहिले, तर पहिल्यात दिसणारे लांब धागे दुसऱ्यात जवळजवळ नाहीसे झालेले असतात आणि त्यांच्या जागी घोसांसारखे गठ्ठे किंवा सुटे चमकते ठिपके दिसतात. मिथॅनोसीटाची चमक मुळात फिकी असते, त्यामुळे धागे शोधताना साध्या प्रकाशातही एकदा पाहावे.

अमोनिया आणखी वाढला, की एक वेगळीच वाट उघडते. काही जिवाणू ॲसेटेट उलट दिशेने फोडून त्याचे हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतात, आणि हायड्रोजन खाणारे मिथेनकारी जीव त्यापासून मिथेन बनवतात. झिंडर आणि कॉख यांनी १९८४ साली उष्णताप्रिय जीवांच्या जोडीत ही वाट दाखवून दिली. पुढे १९९६ मध्ये आना श्न्यूरर आणि सहकाऱ्यांनी मध्यम तापमानावर हेच काम करणारा क्लॉस्ट्रिडियम अल्टुनेन्स हा जिवाणू वेगळा केला. प्रमाण परिस्थितीत ही क्रिया घडायला उलट १०५ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा खर्च व्हायला हवी. ती शक्य होते केवळ जोडीदार हायड्रोजन तत्काळ खाऊन टाकतो म्हणून. एकाला पुरणार नाही अशा मिळकतीवर दोघे जगतात, आणि म्हणूनच त्यांची वाढ अतिशय मंद असते. दुप्पट व्हायला या जोड्यांना कित्येक दिवस, कधी कधी आठवडेही लागतात. संयंत्र चालवणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट ही शेवटचीच आहे.

प्रश्न : अमोनियाची घातक मर्यादा नेमकी किती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

उत्तर : एकच एक आकडा नाही. अमेरिकन पर्यावरण अभियंते पेरी मॅककार्टी यांनी १९६४ साली दिलेली मर्यादा अजूनही सर्वत्र उद्धृत होते. लिटरला ५० ते २०० मिलिग्रॅम अमोनियाकल नत्र हितकारक, २०० ते १,००० निरुपद्रवी, १,५०० ते ३,००० सामू जास्त असल्यास अवरोधक, आणि ३,००० च्या वर विषारी, असे ते कोष्टक आहे. पहिल्या ओळीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही; अमोनिया हे या जीवांचे अन्नही आहे आणि तो फार कमी असला तरी टाकी नीट चालत नाही. पुढच्या काळात ३,००० च्या बऱ्याच वर व्यवस्थित चालणाऱ्या टाक्या नोंदल्या गेल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात मिथेन निम्म्यावर आणणारी अमोनियाकल नत्राची पातळी लिटरला १.७ ग्रॅमपासून १४ ग्रॅमपर्यंत कुठेही आढळल्याचे नोंदवले आहे.

आठपटींचा हा फरक कुणाच्या चुकीमुळे पडलेला नाही. सामू वेगळा, तापमान वेगळे, खाद्य वेगळे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टाकीतल्या जीवांना सवयीसाठी मिळालेला वेळ वेगळा. सवय हा शब्द मी वापरतो, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. तेच जीव हळूहळू कणखर होतात, असे बहुतांशी घडत नाही. नाजूक जीव मागे पडून त्यांच्या जागी सोशीक जीव वाढतात. वर वर्णिलेली मिथॅनोसीटाकडून मिथॅनोसार्सिनाकडे आणि मग जोडीने काम करणाऱ्यांकडे होणारी वाटचाल म्हणजेच सवय. ती घाईने होत नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या टाकीत ५,००० चालते म्हणून आपल्याही टाकीत ते उद्यापासून चालेल, असे धरून चालू नये.

प्रश्न : अमोनिया कमी करण्यासाठी टाकीत पाणी घालावे, की काही दिवस खाद्य बंद ठेवावे? अमोनिया काढून टाकणारे एखादे रसायन आहे का?

उत्तर : पाण्याने अमोनिया पातळ होतो हे खरे, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. टाकीचे आकारमान तेवढेच राहते. रोजच्या खाद्यात तेवढेच पाणी मिसळले, तर पदार्थ टाकीत सरासरी ३० दिवसांऐवजी १५ दिवसच राहतो. अमोनियाशी जुळवून घेतलेले जीव सर्वांत मंद वाढणारे असतात, आणि १५ दिवसांच्या धारणकाळात ते वाढण्यापेक्षा लवकर बाहेर वाहून जाऊ शकतात. थोडे पाणी, थोड्या दिवसांसाठी, एवढेच मी सुचवीन. याहून चांगला मार्ग म्हणजे नत्र कमी असलेले खाद्य मिसळणे. शेण, पिकांचे अवशेष, फळांचा चोथा अशांनी कर्ब-नत्र गुणोत्तर २० ते ३० च्या दरम्यान आणण्याचा प्रयत्न करावा. पेंढ्यातला कर्ब मात्र कागदावर जेवढा दिसतो, तेवढा जीवांना मिळत नाही, कारण त्यातला लिग्निन हा लाकडासारखा चिवट भाग टाकीत जवळजवळ पचत नाही. गुणोत्तराचे गणित करताना हे ध्यानात असू द्यावे.

किती नत्र आत जातो याचा अंदाज घेणे सोपे आहे. प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नत्र असतो. एक किलो प्रथिने १०० लिटर पाण्यात पूर्ण कुजली, तर लिटरला १,६०० मिलिग्रॅम अमोनियाकल नत्र तयार होतो. रक्त, मासळीचे अवशेष आणि पिसे यांत प्रथिने किती भरगच्च असतात, हे लक्षात घेतले, की असे पदार्थ किती जपून द्यावेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

खाद्य बंद ठेवण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. खाद्य थांबवल्याने अमोनिया कमी होत नाही; तो टाकीत आहे तेवढाच राहतो, कारण बाहेर जायला वाटच नसते. कमी होतात ती आम्ले, कारण मिथेनकारी जीवांना साचलेला साठा खायला सवड मिळते. मात्र आम्ले संपत आली की सामू वर चढतो आणि त्याबरोबर मुक्त अमोनियाही वाढतो. म्हणून चार-पाच दिवस विसावा देणे ठीक; त्यानंतर थोडे थोडे, कमी नत्राचे खाद्य सुरू करावे. नीट ढवळल्या जाणाऱ्या टाकीत नवे खाद्य अगदी नत्रविरहित असले, तरीही एका धारणकाळानंतर जुन्या अमोनियापैकी ३७ टक्के उरतो, दोन धारणकाळांनंतर १४ टक्के आणि तिसऱ्यानंतर ५ टक्के. टाकी ३० दिवसांची असेल, तर सुधारणा दिसायला दोन महिने लागणार, हे आधीच मान्य करून कामाला लागावे. पुष्कळ जण तिसऱ्या आठवड्यात धीर सोडून काहीतरी नवे टाकतात आणि सावरत आलेली टाकी पुन्हा बिघडवतात. मला याचे फार वाईट वाटते, कारण त्या वेळी काहीही न करणे हाच योग्य उपाय असतो.

रसायनांपैकी मॅग्नेशियम आणि फॉस्फेट घालून स्ट्रुव्हाइटच्या रूपात अमोनिया खाली बसवण्याची पद्धत आहे. अशा टाक्यांच्या नळांच्या कोपरांत पांढरा, कठीण, स्फटिकांचा थर आपोआप धरलेला दिसतो, तो बहुधा हाच क्षार. त्यात मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट समान मोल प्रमाणात असतात, त्यामुळे एक किलो नत्र खाली बसवायला सुमारे २.२ किलो फॉस्फरस लागतो. एवढा फॉस्फरस रबडीत नसतो आणि बाहेरून घालणे परवडत नाही. फॉस्फरस मिळवण्यासाठी स्ट्रुव्हाइट उत्तम आहे, अमोनिया घालवण्यासाठी नाही. क्लिनोप्टिलोलाइटसारखी झिओलाइट खनिजे अमोनियम धरून ठेवतात, पण मोठ्या टाकीला ती फार लागतात. मोठ्या संयंत्रांत रबडीतला पातळ भाग वेगळा काढून, गरम करून, सामू चढवून त्यातला अमोनिया वायूच्या झोताने काढतात, गंधकाम्लात शोषून अमोनियम सल्फेट हे खत मिळवतात आणि उरलेले पाणी टाकीत परत आणतात. सोय असेल तिथे हा मार्ग खरोखर चांगला आहे, कारण बाहेर काढलेला नत्र वाया जात नाही. सामू खाली आणण्यासाठी टाकीत थेट आम्ल ओतू नये. एवढी अल्कलिनिटी असताना ते पुष्कळ लागते, फेस उसळतो, आणि गंधकाम्ल वापरले तर सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन दुसरेच विष पदरी पडते.

प्रश्न : रबडीच्या वासावरून अमोनिया ओळखता येतो का?

उत्तर : नाही. बाहेर येणारा वास हा बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड उडून सामू चढल्यानंतरचा असतो. आतल्या स्थितीचा तो विश्वासार्ह पुरावा नाही. आणि कृपा करून टाकीच्या तोंडाशी वाकून वास घेऊ नका. बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि त्याचे प्रमाण जास्त झाले की तो नाकाची जाणीवच बधिर करतो. वास थांबला म्हणजे धोका टळला असे होत नाही.

प्रश्न : आमचे संयंत्र केवळ उरलेल्या शिजवलेल्या अन्नावर चालते. अमोनिया ३,५०० च्या आसपास स्थिर आहे आणि ॲसेटिक आम्ल कमी झाले आहे, पण प्रोपिऑनिक आम्ल मात्र महिनोन्‌महिने वाढतच आहे. खाद्य कमी केले, तरी ते उतरत नाही. हेही अमोनियामुळेच का?

उत्तर : अमोनिया याला निमित्त आहे, पण उणीव बहुधा वेगळ्याच गोष्टीची आहे. अमोनिया वाढल्यावर टाकीतला मिथेन मुख्यतः हायड्रोजनच्या वाटेने तयार होऊ लागतो, हे वर आलेच आहे; त्याच्या जोडीला फॉर्मेटचीही (फॉर्मिक आम्लाच्या आयनरूपाची) वाट असते. या वाटेवरच्या विकरांना, विशेषतः फॉर्मेट फोडणाऱ्या विकराला, सेलेनियम, मॉलिब्डेनम किंवा टंग्स्टन लागतात. मिथेन बनवण्याच्या क्रियेला कोबाल्ट आणि निकेल लागतात. शेणात ही सूक्ष्म मूलद्रव्ये पुरेशी असतात. केवळ अन्नावर चालणाऱ्या टाकीत ती हळूहळू धुऊन जातात आणि आधीची पुंजी संपेपर्यंत काहीच जाणवत नाही. मग फॉर्मेट आणि हायड्रोजन वेळेवर खाल्ले जात नाहीत, आणि प्रोपिऑनिक आम्ल फोडण्याची क्रिया नेमकी यांच्यामुळेच अडते, कारण ती हायड्रोजन अत्यल्प असतानाच पुढे सरकू शकते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी अन्नकचऱ्यावरच्या टाक्यांत सेलेनियम आणि कोबाल्ट देऊन प्रोपिऑनिक आम्लाचा असा साठा रोखता येतो, हे २०१२ च्या सुमारास दाखवले.

आधी रबडीतील या मूलद्रव्यांची तपासणी करून घ्या. सेलेनियम अंदाजाने टाकू नये. त्याची गरजेची आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते आणि ती रबडी पुढे शेतात जाणार असते. तपासणीला वेळ लागणार असेल, तर तोवर रोजच्या खाद्यात ताजे शेण मिसळत राहा. त्यातून थोडीफार मूलद्रव्येही जातील, नत्रही सौम्य होईल आणि मिथेनकारी जीवांचे नवे विरजणही मिळत राहील. प्रोपिऑनिक आम्ल लगेच उतरणार नाही. आधी वाढ थांबेल, मग दोन-तीन आठवड्यांनी उतार दिसू लागेल. उतार दिसल्यानंतरही खाद्य वाढवायचे, तर मी एका टप्प्यात दहा टक्क्यांहून अधिक वाढवत नाही आणि पुढच्या टप्प्याआधी आम्लांच्या सलग तीन मोजण्या स्थिर आलेल्या पाहतो. आपणही तेच करावे, आणि त्या मोजण्या तारीख घालून एका वहीत लिहून ठेवाव्यात.